रात्रीच्या बांधकामाची तक्रार आणि ध्वनिमापक: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

रात्रीच्या बांधकामांविषयीच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल आभार. ध्वनिमापकाची नोंद नसताना तक्रार करणे म्हणजे बिल्डरला छळणे होय, महापालिकेची परवानगी असलेले काम शेजाऱ्यांनी अडवू नये आणि रेडिमिक्सच्या (कारखान्यातून तयार येणाऱ्या काँक्रीटच्या) गाड्या दिवसा येऊ शकत नसल्याने स्लॅब रात्रीच भरावा लागतो, असे आपले म्हणणे आहे.

मोजमापाचा आग्रह दिवसापुरता रास्त आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, 2000 नुसार निवासी क्षेत्रात सकाळी 6 ते रात्री 10 या वेळेत 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. आवाज तिच्यापेक्षा किमान 10 डेसिबलने जास्त असेल, तरच त्या आधारावर तक्रार करता येते. त्यातही ही मर्यादा सरासरीची असल्यामुळे ब्रेकरचे (काँक्रीट फोडणाऱ्या यंत्राचे) पाच मिनिटांचे थैमान मधल्या शांततेत विरून सौम्य दिसते, आणि ही पळवाट मला मुळीच पटत नाही. मात्र 2010 च्या दुरुस्तीने आवाज करणारी बांधकाम-यंत्रे निवासी क्षेत्रांत व रुग्णालये, शाळा, न्यायालये यांभोवतीच्या शांतता क्षेत्रांत रात्री वापरण्यालाच मनाई केली आणि रात्रीच्या निर्बंधांचा भंग हे तक्रारीचे स्वतंत्र कारण ठरवले. त्यामुळे रात्री साडेअकराला व्हायब्रेटर (ओले काँक्रीट हलवून घट्ट बसवणारे यंत्र) सुरू असेल, तर आवाज 48 डेसिबल होता की 70, हा वाद उद्भवतच नाही.

महापालिकेची परवानगी इमारत किती आणि कशी बांधावी यासाठी असते. केंद्राच्या पर्यावरण (संरक्षण) अधिनियमाखालील नियमांतून ती सूट देत नाही. मुंबई मेट्रोच्या तिसऱ्या मार्गिकेसारख्या सार्वजनिक प्रकल्पाचेही दक्षिण मुंबईतील रात्रीचे काम उच्च न्यायालयाने 2017 मध्ये थांबवले होते, मग खासगी टॉवरची काय कथा?

रेडिमिक्सची अडचण खरी आहे आणि एकदा सुरू केलेला स्लॅब अर्धवट सोडता येत नाही, हेही खरे. परंतु तो कधी सुरू करायचा हे कंत्राटदाराच्याच हाती असते. अवजड वाहनांच्या वेळा आड येत असतील, तर त्याने वाहतूक पोलिसांशी बोलावे. त्याची किंमत झोप मोडून रहिवाशांनी का द्यावी?

तक्रार पोलीस आयुक्तांकडे किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे लेखी करावी आणि तीत तारीख, वेळ व चालू असलेल्या यंत्राचे नाव लिहावे. वेळ दिसेल असे चित्रीकरण जोडल्यास उत्तम.