घुबडाची मान आणि माझा फ्लॅश

भाच्याच्या साखरपुड्यात, गिरगावातल्या एका हॉलमध्ये, मुलीकडच्यांनी पैसे देऊन बोलावलेला विशीतला फोटोग्राफर माझ्याकडे पाहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, ‘‘काका, तुमच्या फ्लॅशची मान आखडलीय का?’’ आणि त्यावर व्याहीमंडळी मनमोकळी हसली. हसण्याला माझा आक्षेप नाही. ‘काका’ या संबोधनालाही, केस पिकू लागल्यापासून, फारसा उरलेला नाही. राग एवढ्याचाच आहे की तो जे म्हणाला ते अक्षरशः खरे होते.

कॅमेऱ्याच्या माथ्यावर बसणाऱ्या माझ्या फ्लॅशचे डोके, म्हणजे उजेड फेकणारा भाग, डावीकडे १८० अंश वळते आणि उजवीकडे केवळ ९०. कॅमेरा कायम आडवा धरणाऱ्याला यात काही खटकणार नाही. परंतु नवरा-नवरीचा उभा फोटो घ्यायचा तर कॅमेराही उभा करावा लागतो. मग शटरचे बटण वर जाते, फ्लॅश डाव्या अंगाला आडवा होतो आणि कॅमेऱ्याची उजवी बाजू छताकडे येते. डोके उजवीकडे ९० अंश वळवले की प्रकाश सरळ छतावर जातो आणि तेथून तितकाच सरळ खाली येतो. त्यात कपाळ उजळते, डोळ्यांच्या खोबण्या काळवंडतात आणि नवरीला या लग्नाची मनापासून भीती वाटत असावी असा संशय फोटो पाहणाऱ्याला येतो. तोच प्रकाश माझ्या खांद्यावरून, पाठीमागच्या छताकडे फेकता आला, तर परतताना तो पसरून, सौम्य होऊन, समोरून चेहऱ्यावर येतो. त्यासाठी ९० च्या पुढे तीस-चाळीस अंश लागतात आणि नेमके तेवढेच मला नाकारण्यात आले आहेत.

बरे, हे अशक्य आहे असेही नाही. कॅननच्या २००४ सालच्या ५८०ईएक्स या फ्लॅशचे डोके दोन्ही बाजूंना १८० अंश वळत असे, निकॉनच्या २००८ सालच्या एसबी-९०० चेही वळते. माझा फ्लॅश ज्यांनी बनवला त्यांच्या महागड्या मॉडेललाही ही सोय आहे. म्हणजे विद्या अवगत आहे, फक्त ती माझ्या खिशाच्या मानाने जास्त आहे.

दुरुस्तीसाठी मी फोर्टमधल्या बोरा बाजारात गेलो. जिन्याखालच्या दीड माणूस मावेल अशा दुकानात एक गृहस्थ भिंग डोळ्याला लावून बसले होते.

‘‘काय बिघडलंय?’’

‘‘बिघडलं काही नाही. उजवीकडे जरा जास्त वळायला हवंय.’’

त्यांनी डोके डावीकडे फिरवले, उजवीकडे फिरवले. ‘‘वळतोय की.’’

‘‘नव्वदच्या पुढे वळत नाही.’’

‘‘पुढे नसतोच.’’

‘‘म्हणून तर आणलाय.’’

‘‘साहेब, आम्ही बिघडलेलं दुरुस्त करतो. हे बिघडलेलं नाही, हे असंच आहे.’’

या वाक्यापुढे बोलण्यासारखे काही उरत नाही. मुंबईत निम्म्या तक्रारींची बोळवण याच वाक्याने होते. चौथ्या मजल्यावर पाणी चढत नाही, ते असेच आहे. पूल फलाटाच्या नको त्या टोकाला उतरतो, तो असाच आहे. तरीही मी चिकाटी सोडली नाही, तेव्हा त्यांनी कॅमेरा उलट्या बाजूने उभा धरावा, शटरचे बटण खाली आणि मनगट पिरगाळलेले, असा उपाय सुचवला. त्या बाजूने १८० अंश मिळतात हे खरेच आहे. पण त्या अवस्थेत तासभर उभे राहिल्यावर फ्लॅशच्या मानेऐवजी माणसाची दुरुस्ती करावी लागते, हे मी त्यांना सांगत असतानाच मागून आवाज आला, ‘‘मी काही बोलू का?’’

मुंबईत हा प्रश्न परवानगीसाठी विचारला जात नाही. बोलणारे गृहस्थ सत्तरीचे, इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यातले, विमा कंपनीतून निवृत्त झालेले आणि पक्षिनिरीक्षणाला वाहून घेतलेले होते. ही माहिती त्यांनी पहिल्याच वाक्यात दिली. पावसाळ्यात त्यांच्या दुर्बिणीच्या भिंगांना बुरशी चढली होती आणि ती काढून घेण्यासाठी ते माझ्या आधीपासून बसले होते. मुंबईच्या दमट हवेत भिंगावर कोळिष्टकासारखे पांढरे धागे धरतात, हे येथल्या प्रत्येक हौशी माणसाचे दुखणे आहे, त्यामुळे त्यांच्याविषयी मला क्षणभर आपुलकी वाटली. ती फार टिकली नाही.

‘‘तुमचा फ्लॅश डावीकडे किती म्हणालात?’’

‘‘एकशे ऐंशी.’’

‘‘आणि उजवीकडे नव्वद. बेरीज करा.’’

मी बेरीज केली नाही. ती त्यांनीच केली. ‘‘दोनशे सत्तर! आता सांगा, घुबडाची मान किती अंश वळते?’’

दुरुस्तीवाल्यांनी डोळ्यावरचे भिंग काढले. मी गप्प राहिलो.

‘‘दोनशे सत्तर!’’ त्यांनी काउंटरवर थाप मारली. ‘‘घुबडाच्या मानेत चौदा मणके असतात, आपल्या मानेत सात. चौदा मणके देऊनही निसर्ग दोनशे सत्तरलाच थांबला. का थांबला? तर त्यापुढे गरज नाही. ज्या इंजिनिअरनं तुमचा फ्लॅश बनवला, त्यानं हा विचार केलेला आहे.’’

‘‘अहो, पण त्याच कंपनीचा महाग फ्लॅश पूर्ण वळतो.’’

‘‘मग तो अनैसर्गिक आहे,’’ ते शांतपणे म्हणाले.

‘‘घुबडाला लग्नाचे फोटो काढायचे नसतात.’’

‘‘नसतात. पण त्याला उंदीर पकडायचा असतो, आणि तोही अंधारात. तुमच्यापेक्षा त्याची निकड मोठी आहे. तरी त्यानं कधी तक्रार केली?’’

दुरुस्तीवाल्यांनी मान डोलावली आणि माझा फ्लॅश अत्यंत आदराने माझ्या हातात परत दिला. निघताना त्या गृहस्थांनी ‘‘तुम्हाला काही वाचायला पाठवतो’’ म्हणून माझा फोन नंबर मागून घेतला, आणि वादात हरलेला माणूस नंबर नाकारण्याच्या मनःस्थितीत नसतो.

योग्य उत्तर मला सीएसएमटीहून सुटलेल्या लोकलमध्ये, दारातल्या गर्दीत, फोनवर सापडले. घुबडाचे २७० अंश हे दोन्ही बाजूंची बेरीज नसून एकेका बाजूचे आहेत. म्हणजे घुबडाच्या न्यायाने मला उजवीकडे आणखी १८० अंश येणे होते. आणखी वाचले, तर अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिले होते की घुबडाच्या मानेच्या मणक्यांमध्ये रक्तवाहिनी ज्या पोकळीतून जाते ती त्या वाहिनीच्या जवळपास दहापट रुंद असते, त्यामुळे मान पिळली तरी वाहिनीला ढिलाई मिळते आणि ती तुटत नाही. त्या गृहस्थांचे नाव मला ठाऊक नव्हते, नाहीतर मी फोर्टला परतलो असतो.

मात्र ही रक्तवाहिनीची गोष्ट माझ्या उपयोगी पडली, कारण फ्लॅशच्या मानेचा प्रश्नही हाच आहे. चार पेन्सिल सेल भरलेल्या त्या खोक्यात कपॅसिटर ३०० व्होल्टच्या आसपास विद्युतभार साठवतो आणि नळीतल्या झेनॉन वायूला चेतवायला क्षणभर काही हजार व्होल्ट लागतात. मानेतून जाणाऱ्या तारा एकाच दिशेने पिळत राहिल्या तर त्यांचे वेष्टण कधीतरी फाटणार, म्हणून कोठेतरी अडसर हवाच. तो ९० वरच का, हा माझा प्रश्न होता. सेल काढल्यावरही कपॅसिटर भार धरून राहतो, तेव्हा ज्याला व्होल्ट मोजायचा मीटर वापरता येत नाही त्याने या वाटेला अजिबात जाऊ नये. मी लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणलेल्या रेझिस्टरने तो रिकामा केला, मीटरचा आकडा शून्यापाशी आल्याची खात्री केली आणि मगच मानेचे स्क्रू काढले.

आत पाहिले आणि संताप आला. एका कड्याला एक खाच, खाचेत फिरणारी तांदळाच्या दाण्याएवढी प्लास्टिकची खुंटी, आणि खाचेच्या उजव्या टोकाला, काहीही कारण नसताना, बोटाच्या पेराएवढी जाड भिंत. तारांना भरपूर ढील होती. म्हणजे माझ्या भाच्याच्या सासुरवाडीसमोर माझा जो पाणउतारा झाला तो तंत्रज्ञानाच्या मर्यादेमुळे झालेला नसून, साच्यात ओतलेल्या चिमूटभर प्लास्टिकमुळे झाला होता; ते प्लास्टिक वाचवले असते तर उत्पादनखर्च कमीच झाला असता. ग्राहकाला अडवण्यासाठी कोणी पदरचे साहित्य घालते हे पाहिल्यावर, वरचे मॉडेल घ्या असे सुचवणाऱ्या त्या गुळगुळीत माहितीपत्रकांचा मला मनापासून वीट आला, आणि तो अजून गेलेला नाही.

भिंत मी बारीक कानसीने घासून काढली. पूर्ण १८० मिळत नाहीत, कारण खुंटी आणि उरलेली भिंत यांना थोडी जागा लागतेच. महागड्या मॉडेलांत त्यासाठी अडसर स्वतःच किंचित सरकेल अशी रचना असते. तरी उजवीकडे १६० च्या थोडे पुढे जाते आणि मला तेवढे पुरते. डोके ठरावीक कोनावर धरून ठेवणारे खटके मात्र ९० पर्यंतच आहेत. त्यापुढच्या प्रदेशात डोके कोठेही थांबते, आणि कॅमेरा उभा केला की आपल्याच वजनाने हळूहळू खाली येते, त्यामुळे मानेला रबरबँड लावावा लागतो. रबरबँड दिसतो. त्यावरही कोणीतरी बोलणारच.

आता मागे प्रकाश फेकता येतो, तेव्हा मागे काय आहे याकडे लक्ष जाऊ लागले आहे. गिरगावातल्या जुन्या चाळीत मागचे छत लाकडी तुळयांचे आणि तपकिरी असते, त्यामुळे माणसे काविळीतून उठल्यासारखी येतात. जिन्याच्या हिरव्या ऑइलपेंटपाशी उभे केलेले आजोबा हिरवे येतात. आणि नव्या हॉलांत छताला रंग बदलणाऱ्या पट्ट्या बसवलेल्या असल्याने एकच मावशी एका फोटोत जांभळी तर दुसऱ्यात गुलाबी दिसते. पांढरे, सपाट, बेताच्या उंचीचे छत ही या शहरातली दुर्मिळ वस्तू झाली आहे, आणि ते जेथे आहे तेथे माझ्या ओळखीत कोणाचे लग्न ठरत नाही.

पक्षिनिरीक्षक गृहस्थ मला नियमाने घुबडांचे फोटो पाठवतात. कालच्या फोटोत रात्रीच्या झाडावर बसलेल्या घुबडाचे दोन्ही डोळे लालभडक होते, कारण फ्लॅश थेट समोरून, पूर्ण ताकदीने मारलेला होता. निशाचर पाखराच्या डोळ्यांत असा उजेड मारू नये, आणि मारायचाच असेल तर प्रकाश छतावरून परतवून घ्यावा, असे मी त्यांना काहीशा कडक भाषेत कळवले. त्यांचे उत्तर लगेच आले : ‘‘जंगलात छत कुठे असते?’’