सुरूर फाट्यावरचा सूर्य

जानेवारीत माणूस काहीही बोलून जातो. पहाटेची थंडी असते, सायकल हाणत सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन आलेलो असतो, पुढ्यात पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही असतं, आणि तोंडातून निघतं, "यंदा मेमध्ये पुणे-गोवा करू या. सायकलवर." समोरचेही त्या क्षणी दह्यात असतात, म्हणून "करू या" म्हणतात. आपण काय बोललो हे कळायला एप्रिल उजाडावा लागतो. तोवर सगळ्यांच्या रजा मंजूर झालेल्या असतात आणि घराच्या मागच्या गॅलरीत वाळत घातलेला पंचा दहा मिनिटांत पापड होत असतो.

आम्ही चौघं. एक मी, वय 48, सायकलचं वय 3. दुसऱ्याला आम्ही 'मीटर' म्हणतो, कारण तो हँडलवर यंत्र लावल्याशिवाय दूध आणायलाही जात नाही. तिसरा मूळचा गुहागरकडचा, पुण्यात तीस वर्षं काढूनही पुण्याला 'तुमचं पुणं' म्हणणारा. त्याला नुसतं 'कोकण'च म्हणू. चौथा माझा भाचा, वय 24, ज्याचे गुडघे अजून वाजत नाहीत.

जायचं नक्की होतं, गोव्याला जायचं हेही नक्की होतं. प्रश्न एवढाच होता की कुठून. हा 'एवढाच' सुटायला साडेपाच आठवडे लागले.

भाच्याचं म्हणणं, मुळात गोवाच का? उन्हाळ्यात शहाणा माणूस वर जातो, खाली नाही. त्याने मोबाइल पुढे केला. मनाली ते लेह. पाच हजार मीटरच्या वरच्या खिंडी, गाटा लूप्सची 21 वळणं, टांगलांग ला नावाचं एक प्रकरण 5,300 मीटरच्या पुढचं. "मामा, तिथे ऊनच नाही!" मी म्हटलं, "बाळा, तिथे ऊन नाही तसा प्राणवायूही बेताचाच आहे." शिवाय तो रस्ता बर्फ हटवल्याशिवाय उघडत नाही, आणि हवा मानवायला आधी दोन-तीन दिवस नुसतं बसून काढायला लागतात. रजा एकूण आठ दिवसांची. म्हणजे बसून यायचं झालं. मनाली-लेह पहिल्याच फेरीत बाद झालं. भाचा अजूनही बोलताना मधेच उत्तरेकडे बघतो.

मग कोकण उभा राहिला. त्याचा रूट तयारच होता, कारण तो त्याच्या नातेवाइकांवरून जात होता. दिघी, हरिहरेश्वर, बागमांडल्याला जेटी, वेसवीला उतरायचं, केळशी, आंजर्ले, दाभोळला पुन्हा जेटी, पलीकडे धोपावे, मग गुहागर, तवसाळ, जेटीने जयगड, आणि तसंच खाली मालवण-वेंगुर्ला-तेरेखोल. प्रत्येक मुक्कामाला आत्या, मावशी नाहीतर चुलत चुलता. "आणि वारा पाठीवर," तो म्हणाला, "उन्हाळ्यात दुपारचा वारा वायव्येकडून. आपण दक्षिणेला. शीड लावलं तरी चालेल. तापमान किती? चौतीस! तुमच्या पुण्यात चाळीस. आणि वर हापूस." शेवटचा शब्द त्याने असा ठेवला की मतदान तिथेच उरकलं असतं.

मीटरने यंत्र काढलं. कोकणचा रूट त्याने आदल्या रात्री संगणकावर आखून बघितला होता. पडद्यावर जे चित्र आलं त्याला समुद्रकिनारा म्हणणं कठीण होतं. ती करवत होती. सागरी रस्ता म्हटलं की आपल्याला वाटतं डावीकडे माड, उजवीकडे लाटा, मधून सपाट आपण. प्रत्यक्षात रस्ता खाडीपाशी उतरतो, पलीकडे गेला की चढतो, सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, दोन किलोमीटर दम देतो आणि पुढच्या खाडीसाठी पुन्हा उतरतो. एकही चढ मोठा नाही, आणि एकही शेवटचा नाही.

आणि सडा! ज्यांनी मे महिन्यात भर दुपारी सडा पाहिला नाही त्यांना मी काय सांगू. खाली जांभा तापलेला, वर आभाळ तापलेलं, मधे आपण, टोस्टरमधल्या पावासारखे. झाड नाही. सावली आहे ती विजेच्या खांबाची, चार बोटं रुंद. मी पूर्वी एकदा रत्नागिरीकडे अशा खांबाच्या सावलीत आडवी सायकल धरून उभा राहिलो होतो. पोट आत घेतलं तर मी मावत होतो. सायकल बाहेर.

चौतीसचंही तसंच. घाटावर चाळीस असलं तरी हवा कोरडी असते, घाम आला की उडतो, उडताना थोडा गारवा देऊन जातो. संध्याकाळी शर्टावर मिठाचे पांढरे नकाशे तेवढे राहतात. कोकणात घाम उडत नाही. तो येतो आणि पाहुण्यासारखा राहतो. नाकाच्या शेंड्यावरून हँडलवर, हँडलवरून गुडघ्यावर. शरीर आपलं बिचारं घाम काढत बसतं, थंड मात्र होत नाही. हे मीटरने आर्द्रतेच्या आकड्यांसह सांगितलं तेव्हा कोकण म्हणाला, "म्हणून तर सोलकढी असते." याला उत्तर नव्हतं. पण रूटही मंजूर झाला नाही.

दरम्यान ही बातमी जळगावला पोचली. तिथे माझी सासुरवाड. सासऱ्यांचा फोन आला, "जावईबापू, गोव्याला काय ठेवलंय? इकडे या. रस्ता सपाट. केळी पाहिजे तेवढी." मी चाचरत उन्हाचा विषय काढला. "ऊन?" त्यांना खरंच नवल वाटलं. "आमचं ऊन कोरडं असतं. लागत नाही ते." त्या दिवशी तिथे पारा 44 वर होता. मला एक कळलेलं आहे, तापलेल्या गावांना आपल्या तापमानाचा अभिमान असतो. जळगाववाल्यापुढे पुण्याचे चाळीस काढले की तो हसतो, भुसावळवाला जळगावला हसतो, आणि आमचा चंद्रपूरचा एक मित्र या दोघांचं ऐकून घेतो आणि विचारतो, "हे मार्चातलं सांगताय का?"

उरला मीटरचा रूट. घाटमाथा. पुण्याहून वाई, पसरणीच्या घाटाने पाचगणी, महाबळेश्वर, मेढ्यावरून सातारा, कोल्हापूर, राधानगरी, आजरा, आंबोली आणि तिथून सावंतवाडीला उतरून गोवा. तत्त्व साधं. हजार मीटर वर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी उतरते. पुणे 560 मीटरवर, महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास. म्हणजे पाच अंश फुकट. "फुकट कसे?" कोकण म्हणाला. "चढायचं कोणी?" वाईपासून पाचगणी जेमतेम 12-13 किलोमीटर, पण तेवढ्यात रस्ता साडेपाचशे मीटर वर जातो. पाच अंशांच्या गारव्यासाठी अंगात दहा अंशांची उष्णता तयार करायची, असा हा व्यवहार.

इथे मी पहिल्यांदा तोंड उघडलं. माझं म्हणणं, चढ आणि अंश राहू द्या, दर किती किलोमीटरला रसवंती आहे ते बघा. उन्हाळ्यातला रूट माणसाने रसवंत्यांवरून आखावा. कृष्णेच्या, पंचगंगेच्या खोऱ्यात ऊस आहे, म्हणून रस्त्याला चरक आहे. दूरवरून घुंगरू ऐकू येतं. चरकाचा बैल कधीच गेला, घुंगरू राहिलं. पण त्या आवाजाने माझा वेग अजूनही वाढतो, बैलाचा वाढत असेल तसाच. नावं कानिफनाथ, नाहीतर नवनाथ. बाकं लाकडी, ग्लास जाड. आणि बाटलीतल्या पाण्याचं मेमध्ये काय होतं हे ज्याने दहा वाजता घोट घेतलाय त्याला ठाऊक आहे. फक्त चहाची पत्ती टाकायची बाकी असते.

रसवंतीवर एकमत झालं. उसापुढे हापूस हरलेला मी पहिल्यांदाच पाहिला. अर्थात कोकणने एक अट घातली, सावंतवाडीला त्याच्या मावसभावाकडे मुक्काम.

हे सगळं ठरलं 20 एप्रिलला. निघायचं 1 मेला. पण मग भाच्याच्या मित्राचं लग्न निघालं, मग कोकणच्या पेट्या आल्या (त्या वाटल्याशिवाय तो सायकलला हात लावेना), मग मीटरला शंका आली. मीटरला शंका आली की दोन रात्री जातात. या वेळी शंका थेट सूर्याविषयी होती.

त्याने शोधून काढलं की मेमध्ये सूर्य आपल्यावरून उत्तरेला सरकत असतो. माध्यान्ही बरोबर डोक्यावर येण्याचा, म्हणजे शून्य सावलीचा मान महिन्याच्या आरंभी पणजीला, 6-7 तारखेला कोल्हापूरला, 10-11 ला साताऱ्याला, आणि 13-14 ला पुण्याला. म्हणजे सूर्य रोज जेमतेम 30 किलोमीटर चालतो. एवढ्या वेगाने आमच्या सोसायटीतले निवृत्त काकाही सायकल चालवतात, बाजारहाट करून. आम्हाला हे वाचून फार बरं वाटलं. सूर्याचा वेग दिवसाला 30, आपला 80, चुकवणं सोपं! फक्त आमच्या चर्चेचा वेग शून्य होता, हे हिशेबात धरायचं राहिलं.

घरी हिने हे सगळं ऐकून घेतलं. कणीक मळता मळता म्हणाली, "सायकली गाडीच्या टपावर टाका, महाबळेश्वरला न्या, तिथे दोन दिवस चालवा, फोटो काढा आणि परत या. गोवा कोणी बघायला येत नाही." हा पाचवा रूट होता. सगळ्यात शहाणा. म्हणून त्यावर चर्चा झाली नाही. पण निघताना तिने सुती पंचे, मीठ-साखरेच्या पुड्या आणि एक ताकीद दिली, की घाम यायचा थांबला तर पराक्रम समजू नका, सावलीत झोपा आणि फोन करा.

11 मेला पहाटे साडेचारला निघालो. कात्रजपर्यंत अंधार, शिरवळपर्यंत गप्पा, खंबाटकीच्या घाटात शांतता. घाटाच्या मध्यावर कोकणची सायकल पंक्चर. सोल्युशनची ट्यूब उघडली तर उन्हाळ्याने आतलं सोल्युशन आमच्याआधीच संपवलेलं. नळीत खडखडीत डिंक. दुसरी ट्यूब भाच्याच्या पिशवीच्या तळाशी, तिच्यावर त्याचे चार दिवसांचे कपडे, पॉवर बँक आणि एक प्रोटीनचा डबा. तासभर गेला. सुरूर फाट्यावरून वाईच्या रस्त्याला वळलो तेव्हा बारा वाजून गेले होते.

तो रस्ता मात्र बघावा. दोन्ही बाजूंना जुने वड. महामार्गाच्या भट्टीतून वळलं की शंभर पावलांत डोक्यावर छत येतं. पारंब्या कोणीतरी रस्त्यापुरत्या कापलेल्या, समोर केस कातरल्यासारख्या. डांबरावर वडाची लाल फळं चिरडून पडलेली, त्यावरून टायर जाताना बारीक चुरचुर आवाज होतो, आणि वर साळुंक्यांचं भांडण चाललेलं. त्यातल्याच एका वडाखाली रसवंती. आम्ही सायकलींवरून उतरलो नाही, गळून पडलो.

भाचा तेवढ्यात फोटोसाठी सायकल घेऊन झाडांच्या फटीत, उन्हात जाऊन उभा राहिला. खोगीर धरून सायकल सरळ उभी केली आणि ओरडला, "मामा, हिला सावलीच नाही!"

खरंच नव्हती. चाकांची सावली म्हणजे चाकांखाली एक काळी रेघ. हँडलची सावली बरोबर हँडलखाली, पेडलची पेडलखाली. भाच्याची स्वतःची त्याच्या बुटांभोवती, लाजून अंग चोरल्यासारखी. साडेबारा वाजले होते. मीटरने तारीख बघितली, मग नकाशा बघितला, मग आमच्याकडे न बघता आभाळाकडे बघितलं. साडेपाच आठवडे ज्याला चुकवायला रूट शोधत होतो, तो पणजीहून पायी पायी येऊन नेमका इथे, या दिवशी, या मिनिटाला वर उभा होता.

"1 मेला निघालो असतो तर..." कोकण सुरू झाला.

मीटरने रसाचा ग्लास बाकावर ठेवला आणि पाठीवर हिशेब मांडला. स्वतःच्या नाही, पावतीच्या. पाच मिनिटांनी म्हणाला, "तरी भेटलाच असता. पाच तारखेला. राधानगरीच्या आसपास." मग जरा थांबून, "तिथे जंगल आहे म्हणा."

एवढ्यात त्याचं यंत्र वाजलं. आम्ही रस्त्यापासून वीस पावलं आत बसलो होतो आणि पडद्यावर लाल अक्षरांत आलं होतं की आपण ठरलेला मार्ग सोडला आहे. मीटर बराच वेळ त्या अक्षरांकडे बघत राहिला. मग त्याने पंचा ओला करून यंत्रावरच टाकला.

रसवाल्याने चरकात नवं कांडं घालता घालता विचारलं, "अजून चार करू?"

भाच्याने आठ सांगितले.