विषयाला धरून

पायथन ही संगणकाला कामं सांगायची भाषा. आमच्या पायथनच्या अभ्यासगटात नियम एकच: विषयाला धरून बोलायचं. विषय कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, ते मात्र सर ठरवतात. सर म्हणजे गटातले सगळ्यात जुने.

पहिल्याच बैठकीत मी विचारलं, "०.१ आणि ०.२ मिळवले की ०.३०००००००००००००००४ का येतं?" शेपटाचा तो चार मला आठवडाभर छळत होता.

"हा पायथनचा प्रश्नच नाही," सर म्हणाले. "आयईईई ७५४, संगणकाने दशांश संख्या कशा साठवायच्या याचं १९८५चं मानक. जावास्क्रिप्टमध्येही हेच येतं."

म्हणजे दुखणं दोन भाषांना असलं की ते एकीचंही नाही. 'ही हद्द आमची नाही' म्हणणारी चौकी मला माहीत होती. ती इथेही भेटेल असं वाटलं नव्हतं.

पुढच्या वेळी अस्सल पायथनी दुखणं घेऊन गेलो. एका ओळीआधी टॅब, दुसरीआधी स्पेस, आणि प्रोग्रॅम ठप्प. ज्या भाषेत ओळीआधीची मोकळी जागा हेच व्याकरण, तिथे याहून भाषेचं काय असणार? सर म्हणाले, "एडिटरचं सेटिंग बघा. इथे नको." आणि टॅब बरा की स्पेस बरी, यावर स्वतः चाळीस मिनिटं बोलले. ते तात्त्विक होतं म्हणे.

भाषेचं नाव सापावरून नसून एका ब्रिटिश विनोदी कार्यक्रमावरून पडलं, हेही विषयात बसलं. ':=' या चिन्हावरून इतकं रणकंदन झालं, की जनक गिडो व्हॅन रोसम २०१८मध्ये नेतृत्व सोडून मोकळे झाले, ही कथा तर दोनदा बसली. (दुसऱ्यांदा जास्त रंगली, हे कबूल करायला हवं.) माझा टॅब तेवढा बाहेर.

तिसऱ्या खेपेला मी प्रश्न विचारलाच नाही. नुसतं म्हणालो, "पायथनला मोजता येत नाही. 'मराठी' तीन अक्षरी शब्द, लांबी मोजणारा त्याचा लेन सांगतो पाच. जावा भाषा बरी."

सर खुर्चीतून उठले. "जावाही पाचच सांगेल! म, र, काना, ठ, वेलांटी. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या क्रमांकयादीत, प्रत्येकाला वेगळा क्रमांक आहे. पायथन ते क्रमांक मोजतं, अक्षरं नाही!" फळा भरला. कोणीतरी हळूच म्हणालं, "सर, पण हे युनिकोडचं झालं ना? विषयाला धरून..."

"मग काय झालं? भाषेवर आरोप झालाय!"

वातावरण तापलेलं पाहून मी "क्षमा असावी" म्हणालो आणि खाली बसलो. बसल्या बसल्या लॅपटॉपवर मोजूनही पाहिलं. 'क्षमा', दिसायला दोन अक्षरं, लांबी पाच. सरांना विचारणार होतो, पण त्यांनी तोवर ':=' पुन्हा सुरू केलं होतं.