साक्ष द्यायला चाललात? मग एवढं कराच

समन्स आलंय ना, टेन्शन घेऊ नका. "बहुतेक", "असं वाटतंय", "नीट आठवत नाही" असले शब्द तेवढे घरी ठेवून जा. अंधार होता, गडी पाठमोरा पळाला, तुमचा चष्मा खिशात होता, सगळं चालतंय, फक्त पिंजऱ्यात उभं राहून आरोपीकडे बोट असं रोखायचं की जजसाहेब पण दचकले पाहिजेत. खरंच आठवतंय का हे काय कुणी डोकं उघडून बघणारे? (तोही प्रयत्न झालाय, आणि तो पुण्यात, पुढे सांगतो.)

दुसरं म्हणजे, प्रश्न विचारणाऱ्याचा मान ठेवा. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस बाईंनी 1974 मध्ये कॉलेजच्या मुलांना गाड्यांच्या ॲक्सिडेंटच्या फिल्मा दाखवल्या आणि स्पीड विचारला. गाड्या एकमेकींना "लागल्या" असं विचारलं तर उत्तर साधारण ताशी 32 मैल, "जोरात आदळल्या" म्हटलं की 41. दुसऱ्या प्रयोगात आठवडाभराने विचारलं, फुटलेल्या काचा दिसल्या का? फिल्ममध्ये काच नव्हतीच, तरी "आदळल्या"वाल्या 50 जणांपैकी 16 जणांना दिसली! असा साक्षीदार पाहिजे, मागाल ते हजर.

तिसरा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा: शाबासकी घ्यायला लाजू नका. मानसशास्त्रज्ञ गॅरी वेल्स आणि त्यांच्या सहकारी बाईंनी 1998 मध्ये लोकांना एका गुन्हेगाराचा व्हिडिओ दाखवला, मग फोटो दिले, ज्यात मुळात तो माणूसच नव्हता. तरी लोकांनी कुणी ना कुणी निवडलाच! मग काहींना नुसतं म्हटलं, छान, बरोबर ओळखलात, तर तीच मंडळी सांगायला लागली की आम्हाला चेहरा एकदम स्पष्ट दिसला होता, तेव्हापासून खात्रीच होती. म्हणजे नजर आधी अधू आणि शाबासकीनंतर गरुडाची.

आता म्हणाल हे लॅबमधले खेळ झाले. तर 1984, नॉर्थ कॅरोलायना, बर्लिंग्टन. बलात्कार झालेली कॉलेजातली मुलगी, हल्ला चालू असतानाही याचा चेहरा विसरायचा नाही असं ठरवून बघत होती, म्हणजे खोटं बोलण्याचा प्रश्नच नाही. पोलिसांनी फोटो दाखवले, बराच वेळ बघून तिने एक उचलला, रोनाल्ड कॉटनचा. मग ओळख परेड, त्यात फोटोंमधला माणूस एकच, हाच. तिने त्यालाच निवडलं आणि लगेच कळलं की फोटोतला पण हाच होता, झालं, आता देव आला तरी ही खात्री हलणार नव्हती. पुढे 1987 मध्ये केस परत चालली तेव्हा खरा गुन्हेगार कोर्टात तिच्या समोर आणला, तर म्हणाली याला मी जन्मात पाहिलेलं नाही. कॉटन दहा वर्षांवर आत, 1995 मध्ये डीएनएने बाहेर. तिची चूक काय हो? तिला जे आठवत होतं ते ती शपथेवर सांगत होती, फक्त आठवणीत चेहरा बदलून गेला होता.

एवढं करूनही कुणाला तुमच्या शब्दाचा भरवसा नसेल तर मशीन आहे. 2008 मध्ये पुण्याच्या सेशन्स कोर्टात विष घालून केलेल्या एका खुनाच्या खटल्यात आरोपीवर हे चाललेलं: डोक्याला इलेक्ट्रोड लावून डोळे मिटून बसायचं, समोरून "मी आर्सेनिक विकत घेतलं" टाइपची वाक्यं वाचली जातात, आपण गप्प, आणि मशीन सांगणार की हे तुम्ही नुसतं ऐकलंय का स्वतः केलंय. त्याच केसमध्ये जन्मठेपही झाली. 2010 मध्ये सुप्रीम कोर्टाने विरजण घातलं, संमतीशिवाय असली टेस्ट नाही, आणि संमती दिली तरी रिझल्ट हा पुरावा नाही. असो.

राहिली उलटतपासाची भीती. पहिल्या दिवशी तुम्ही चाचरत होतात, दोनदा मिशी आहे-नाही केलं होतं, हे वकील शोधून काढेल म्हणता? कशावरून काढेल? चौकीवरचा जबाब तुमच्या भाषेत थोडाच असतो, आणि त्यावर तुमची सही पण लागत नाही. तुम्ही ततपप करत असताना साहेबांनी शांतपणे लिहिलेलं असतं, "सदर इसमास पुन्हा पाहिल्यास मी निश्चित ओळखेन."