पगारातून दान आणि हलवायाचं घर : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. नोकरदारांनी दरमहा पगारातून थोडी रक्कम एखाद्या संस्थेला द्यावी आणि कंपन्यांनी त्याची सोय करावी, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं, की हे "हलवायाच्या घरावर तुळशीपत्र" आहे: पैसे कर्मचाऱ्याचे, फोटो साहेबांचा. आणि ऐच्छिक म्हणून आलेल्या फॉर्मवर 'नाही' लिहायची कोणाची छाती होते?

दुसरा मुद्दा आधी घेतो, कारण तो जास्त वजनाचा आहे. २०१८च्या पुरानंतर केरळ सरकारने कर्मचाऱ्यांना एक महिन्याचा पगार द्यायचं आवाहन केलं. ज्यांना द्यायचा नाही त्यांनी तसं लेखी कळवायचं, अशी अट होती. उच्च न्यायालयाने त्या अटीला स्थगिती दिली आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती उठवायला नकार दिला. पूर खरा होता, गरज खरी होती. अडचण होती ती नकार लिहून द्यायला लावण्यात. तरी एप्रिल २०२०मध्ये केंद्राच्या महसूल विभागाचं परिपत्रक निघालंच: मार्च २०२१पर्यंत दरमहा एक दिवसाचा पगार पीएम केअर्सला, हरकत असेल तर लेखी कळवा.

म्हणून माझी कसोटी सरळ आहे. सही कोणी करायची? देणाऱ्याने. न देणाऱ्याला काहीच करावं लागता कामा नये. टेबलावरून टेबलावर फिरणारा तो कागद तर बंदच व्हायला हवा. पहिल्या ओळीत साहेबांचे पाच हजार, खाली हेडक्लार्कचे हजार, आणि तो कागद अठरा हजार पगाराच्या मुलापुढे येतो तेव्हा तो भिडेखातर पाचशे लिहितो. त्याला दान म्हणू नये, वर्गणी म्हणावी. कोणी किती दिले हे पगार काढणाऱ्या माणसापलीकडे कोणालाही, विशेषतः वरिष्ठांना, कळायची गरज नाही. इथवर आपलं जुळतं.

जुळत नाही ते पुढे. "कंपनीने स्वतःचे दोन टक्के द्यावेत, आमच्या खिशाला हात कशाला?" असं तुम्ही विचारता. ते दोन टक्के मोठ्या कंपन्यांना कायद्याने समाजकार्यावर खर्चावेच लागतात, मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातून. त्यात कर्मचाऱ्यांच्या देणग्या मोजून कोणी पाठ थोपटून घेत असेल तर जरूर भांडा. पण तो पैसा बहुधा प्रकल्पाला बांधलेला येतो. मार्च जवळ आला की खर्च दाखवायची घाई, शाळेत बेंच, भिंतीवर कंपनीची पाटी. त्याच संस्थेचं जागेचं भाडं, हिशेबनिसाचा पगार, कार्यकर्तीचा एसटीचा खर्च यांना देणगीदार मिळत नाही. तिथे दरमहा येणारे दोनशे-तीनशे रुपयेच कामी येतात, कारण ते पुढच्या महिन्यातही येणार हे संस्थेला माहीत असतं. एकरकमी दहा हजारांपेक्षा मला ही रक्कम मोलाची वाटते. आणि हे पगारातूनच का, तर आपण आळशी आहोत म्हणून. एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडाचा मासिक हप्ता, आपोआप कापली जाते म्हणून टिकते, हे मी तुम्हाला सांगायला नको.

करसवलतीचं गाजर मात्र कोणी दाखवत असेल तर सावध राहा. नव्या करप्रणालीत देणगीवरची सवलत (जिला ८०-जी म्हणतात) मिळतच नाही, आणि २०२३-२४पासून काही न निवडल्यास तीच लागू होते. जुनीत राहिलात तरी बहुतेक संस्थांना दिलेल्या रकमेच्या निम्मीच उत्पन्नातून वजा होते. उत्पन्नातून, करातून नव्हे.

तुम्ही पावतीबद्दल विचारलंत, ते फार कमी लोक विचारतात. कंपनी सगळ्यांचे पैसे एकत्र करून एकच रक्कम पाठवत असेल, तर संस्थेकडे प्रत्येकाचं नाव, पॅन आणि रक्कम जायला हवी, तरच तुमच्या नावाने देणगीचं प्रमाणपत्र (१०-बीई) निघेल. नाहीतर पावती कंपनीच्या नावाने फाटते आणि तुम्ही म्हणता तसं तुळशीपत्र होतं.

तेव्हा पुढच्या वेळी फॉर्म आला की एचआरला तीनच गोष्टी विचारा: संस्था मी निवडू शकतो का, कपात कोणत्याही महिन्यात थांबवता येते का, पावती कोणाच्या नावाने. एकाचंही उत्तर धड आलं नाही, तर फॉर्म कोरा ठेवा आणि आवडत्या संस्थेला परस्पर बँकेतून दरमहा पाठवा. त्यातही माझी काही हरकत नाही.