एन-९५ वर सॅनिटायझर फवारू नका

‘ड्यूटी संपली की एन-९५ वर सॅनिटायझर फवारा, उन्हात वाळवा, महिनाभर चालतो. आत साधा मास्क घातला तर दुप्पट संरक्षण. झडपेचा मास्क सगळ्यांत चांगला. हातमोजे असले की हात धुवायला नकोत.’ कोविडच्या साथीत आशाताई आणि परिचारिकांपर्यंत पोचलेला हा सल्ला अजूनही पुढे पाठवला जातो. त्यातलं एकही वाक्य बरोबर नाही.

सॅनिटायझरचं आधी. एन-९५ मास्क म्हणजे नुसती बारीक जाळी नव्हे. मधल्या थरातल्या पॉलिप्रॉपिलीनच्या तंतूंवर स्थिर विद्युतभार असतो आणि सूक्ष्म कण त्याच्याकडे ओढले जाऊन अडकतात. अल्कोहोलने हा भार जातो, साबणाच्या पाण्यानेही गाळणी बिघडते. वाळवल्यावर भार परत येत नाही. घात असा, की मास्क दिसतो तसाच, श्वासही पूर्वीसारखाच घेता येतो. घालणारीला काहीच कळत नाही.

साथीत मास्कचा तुटवडा खरा होता, हे मान्य. तेव्हाचा उपाय होता आलटून-पालटून वापरण्याचा: ५ मास्क, ५ कागदी पिशव्या, प्रत्येकीवर नाव आणि वार. सोमवारचा मास्क पुढचे चार दिवस पिशवीतच राहतो. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, म्हणून कागदाची. एक मास्क जास्तीत जास्त ५ वेळा. ओला झाला, रक्त किंवा थुंकी उडाली, पट्टा सैल झाला, तर त्याच दिवशी जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत.

आत साधा मास्क घातला की एन-९५ ची कड चेहऱ्याला टेकत नाही आणि हवा फटीतून, न गाळता आत येते. दाढीमुळेही तेच होतं. मास्क घालताना वरचा पट्टा डोक्याच्या मागे उंचावर, खालचा कानांखाली मानेवर. पट्ट्यांची एकमेकांवर फुली करायची नाही. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी बसवा. मग मास्कवर तळवे ठेवून जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे वारा जाणवला तर पुन्हा बसवा. रोज, प्रत्येक वेळी.

झडपेतून तुमचा उच्छ्वास न गाळता बाहेर पडतो. तुम्हालाच संसर्ग असेल तर समोरच्या रुग्णाला धोका.

हातमोज्यांना बारीक छिद्रं असू शकतात, आणि ते काढतानाच हात माखतात. म्हणून प्रत्येक रुग्णानंतर मोजे बदलायचे, हात धुवायचे. पीपीई किट (संरक्षक पोशाख) उतरवताना मास्क शेवटी: आधी खालचा पट्टा, मग वरचा, पुढच्या भागाला हात न लावता. त्यानंतर पुन्हा हात धुवायचे.