ज्यूल्स व्हर्न घरातून पळाला होता का?

फ्रेंच विज्ञान-साहसकथाकार ज्यूल्स व्हर्नविषयी एक गोष्ट सतत फिरत असते. १८३९ मध्ये, अकरा वर्षांचा असताना, नात्यातल्या कॅरोलीनसाठी पोवळ्यांची माळ आणायला तो फ्रान्समधल्या नांत बंदरातून 'कोराली' जहाजावर चढून इंडीजकडे निघाला, वडिलांनी त्याला ल्वार नदीवरच्या पँबफ गावी गाठून उतरवले आणि 'यापुढे प्रवास कल्पनेतच करीन' असे वचन त्याने दिले. भा. रा. भागवतांच्या अनुवादांतून व्हर्न भेटलेल्या आपल्यासारख्यांना ती गोड वाटते, हे मान्य.

पहिला मुद्दा पलायनाचा. व्हर्न १९०५ मध्ये वारला, आणि ही हकिगत प्रसिद्ध झाली ती १९२८ मध्ये, नात्यातल्याच एका बाईंनी लिहिलेल्या चरित्रातून. साठी ओलांडल्यावर व्हर्नने स्वतः लिहिलेल्या बालपणीच्या आठवणींत तिचा मागमूस नाही. तिथे आहे ते असे: पहारेकरी शेजारच्या गुत्त्यात गेलेला पाहून पोरगा तीन डोलकाठ्यांच्या जहाजावर चढतो, मालाच्या कोठाराचे झाकण उघडून डांबरात मिसळलेला मसाल्यांचा वास घेतो, सुकाणूचे चाक जरासे फिरवतो. जहाज धक्क्यालाच बांधलेले राहते. मला तरी हे पळून जाण्यापेक्षा जास्त खरे वाटते.

वडिलांनी त्याला समुद्रापासून तोडले, हेही पटत नाही. भाऊ पॉलबरोबर तो आगबोटीने रीतसर ल्वारच्या मुखावरच्या सँ-नाझेरला गेला. दोघांनी धावत जाऊन ओंजळीने पाणी चाखले, तर ते खारट लागेना, आणि आपल्याला फसवले असे त्यांना वाटले. ओहोटी होती, ओंजळीत आले होते ते ल्वार नदीचे पाणी. भरती आल्यावर मात्र ते हवे त्याहून खारट निघाले.

तो जन्मला ते नांतमधले फेदो बेट आज नावापुरतेच बेट आहे, कारण भोवतालचे नदीचे फाटे विसाव्या शतकात बुजवले गेले. त्यामुळे धक्क्यावरचा मुलगा डोळ्यांपुढे आणणे कठीण जाते आणि दंतकथेचे फावते.

राहिले वचन. व्हर्न १८५९ मध्ये स्कॉटलंडला, १८६७ मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' जहाजातून न्यूयॉर्कला आणि १८८४ मध्ये भूमध्य समुद्रात अल्जीरिया, माल्टापर्यंत गेला. ही शेवटची सफर त्याने स्वतःच्या 'सँ-मिशेल' नावाच्या तिसऱ्या नौकेतून केली. वाफेवर चालणारी ती नौका त्याने १८७७ मध्ये ५५,००० फ्रँकला घेतली होती, आणि ती बांधली गेली होती नांतमध्येच.